टोपी कुणाच्या डोक्यावर?

‘तुमच्या लोकांना थट्टा सहन होत नाही’ हे वाक्य मी पहिल्यांदा बी.एड.ला असताना ऐकले. बोलणारा माझा मित्रच होता, मनाने वाईट नव्हता. २०१२ साल होते. असीम त्रिवेदी या व्यंगचित्रकाराला मुंबईत राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली होती आणि आम्ही कॅन्टीनमध्ये त्यावर बोलत होतो. त्रिवेदी मुसलमान नव्हता, त्याला पकडणारे मुसलमान नव्हते आणि ज्यांची थट्टा झाली म्हणून कायदा धावून आला तेही मुसलमान नव्हते. तरी चर्चा फिरून फिरून माझ्यावर आली. मी तेव्हा हसलो. थट्टा सहन होते हे दाखवण्यासाठी हसलो, दुसरे काय!

दुसरे वाक्य त्याहून जुने, आपल्या मोहल्ल्यातले. ‘चित्र काढणे आपल्यात नाही.’ हे वाक्य मी लहानपणी ऐकले आणि पुढे शिक्षक झाल्यावर स्वतःच्या तोंडाने म्हटलेसुद्धा. ते कुठे म्हटले, हे पुढे येईलच. आज मला या दोन्ही वाक्यांशी भांडायचे आहे, कारण ती एकमेकांना पोसतात. एक बाहेरून दार लावते, दुसरे आतून कडी घालते.

या भांडणासाठी मला थेट अठराव्या शतकातल्या लंडनला जावे लागत आहे. वाचकांनी रागावू नये. तिथे आपलेच एक नाव पडलेले आहे, ते उचलून आणायचे आहे.

तो काळ इंग्लंडच्या जॉर्ज नावाच्या राजांचा. तांब्याच्या पत्र्यावर कोरून, कागदावर छापून, हाताने रंग भरून तिथे थट्टेची चित्रे विकली जात. छापखानावाले दुकानाच्या काचेत नवी चित्रे लावीत. विकत घेणे सगळ्यांना परवडत नसे, पण रस्त्यावर उभे राहून बघणे फुकट होते, आणि दुकानापुढे गर्दी जमे. राजा, राजपुत्र, पंतप्रधान, सेनापती, पाद्री कुणालाही सूट नव्हती. जेम्स गिलरे हा त्यातला सर्वांत तिखट हात. हॅना हम्फ्री नावाच्या बाईचे दुकान होते, तिच्यासाठी तो चित्रे करी आणि तिच्याच दुकानाच्या वर राही. ही चित्रे ब्रिटिश म्युझियममध्ये जपून ठेवलेली आहेत आणि आता मोबाइलवरही दिसतात.

डिसेंबर १७८३ मध्ये जेम्स सेयर्स या दुसऱ्या चित्रकाराने एक चित्र काढले. चार्ल्स फॉक्स हा त्या वेळचा मोठा संसदपटू हत्तीवर बसला आहे. डोक्यावर पगडी, अंगात पौर्वात्य झगा. हत्तीला तोंड लॉर्ड नॉर्थचे आहे, म्हणजे फॉक्सच्या जोडीदार मंत्र्याचे. पुढे एडमंड बर्क तुतारी फुंकत चालला आहे. मिरवणूक लेडनहॉल स्ट्रीटवरच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीच्या दाराशी येऊन ठेपली आहे. चित्राला नाव दिले आहे ‘कार्लो खान’.

खान! चार्ल्स फॉक्स बिचारा सात पिढ्यांचा ख्रिस्ती. रंगाने थोडा सावळा, भुवया दाट, दाढीची खुंटे कायम वाढलेली, एवढेच काय ते निमित्त. पण त्याने केले काय होते? त्याने एक विधेयक आणले होते. हिंदुस्थानात कंपनीची जी लूट चालली होती तिला संसदेने नेमलेल्या माणसांच्या ताब्यात आणायचे, असे ते विधेयक. फॉक्सला आपली माणसे तिथे बसवायची होती, हा विरोधकांचा आरोप अगदीच पोकळ नव्हता. तरी कंपनीच्या मानेवर कुणीतरी हात ठेवत होते हे खरे. ज्यांचा मलिदा जाणार होता ते खवळले. त्यांनी लोकांना सांगितले, हा माणूस बादशहा व्हायला निघाला आहे. आणि बादशहा, जुलमी, बेबंद माणूस चित्रात कसा दाखवायचा? खान म्हणून. पगडी घातली की झाले.

महिना संपायच्या आत विधेयक हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये पडले आणि सरकारही गेले. संसदेतल्या भाषणांपेक्षा सेयर्सच्या चित्रांनी आपले जास्त नुकसान केले, असे फॉक्स म्हणाल्याचे सांगतात. पुढे धाकटा पिट पंतप्रधान झाला आणि सेयर्सला सरकारी जागा मिळाली. लूट करणारी होती इंग्रजांची कंपनी. लुटले जात होते बंगालचे विणकर आणि शेतकरी, त्यांत कितीतरी मुसलमान. आणि जुलमाचे प्रतीक म्हणून चित्रात नाव कुणाचे, तर खानाचे. दोनशे चाळीस वर्षे झाली. ही युक्ती जुनी झाली असेल असे कुणाला वाटत असेल तर त्याने निवडणुकीच्या दिवसांत आपला फोन उघडून बघावा. ज्याला पाडायचे त्याच्या फोटोवर गोल टोपी चिकटवायची, हनुवटीला दाढी लावायची, नावामागे ‘मियाँ’ किंवा ‘मौलाना’ जोडायचे. मुलायमसिंह यादवांना ‘मौलाना मुलायम’ म्हणून हिणवत असत, ते अनेकांना आठवत असेल. त्यात शिवी मुलायमसिंहांना नव्हती. शिवी ‘मौलाना’ या शब्दाला होती.

आता त्याच लंडनमधले दुसरे चित्र बघू. डिसेंबर १७९१, चित्रकार गिलरे. त्याच वर्षी मे महिन्यात लॉर्ड कॉर्नवॉलिस टिपू सुलतानाच्या श्रीरंगपट्टणपर्यंत धडकला होता. पण पाऊस लागला, बैल मेले, धान्य संपले. तोफा ओढायला जनावरे नाहीत म्हणून किल्ले फोडायच्या मोठ्या तोफा त्याने स्वतःच निकामी केल्या आणि माघार घेतली. वाटेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धनांच्या मराठी फौजा धान्य घेऊन भेटल्या, म्हणून त्याचे सैन्य जगले. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात हा प्रसंग ओळीत संपतो. गिलरेने या माघारीचे चित्र काढले. नाव असे की, पावसाळा आला, अर्थात श्रीरंगपट्टणहून माघार. पाऊस कुठून पडतो आहे? किल्ल्याच्या तटावर टिपू उभा आहे आणि पळणाऱ्या गव्हर्नर जनरलवर वरून लघवी करतो आहे. हाच तो पावसाळा.

चित्र असभ्य आहे, मान्य. वर्गात दाखवणार नाही. टिपूही त्यात काही देखणा काढलेला नाही. पण विचार करा. युद्ध चालू आहे, शत्रू टिपू आहे, आणि इंग्लंडच्या राजधानीत इंग्रज चित्रकार इंग्रज सेनापतीची ही फजिती छापतो आहे. आपल्याकडे जून २०२३ मध्ये टिपूचे चित्र आणि आक्षेपार्ह मजकूर असलेल्या मोबाइल स्टेटसवरून कोल्हापुरात बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, दुकाने फुटली, इंटरनेट बंद करावे लागले. काही पोरांनी काय ठेवले त्याची शिक्षा ज्यांनी काहीच ठेवले नव्हते अशा दुकानदारांना झाली.

ही दोन चित्रे शेजारी ठेवली की माझा मुद्दा स्पष्ट होतो. दोन्हींत ‘आपला’ माणूस आहे, दोन्हींत पगडी आहे. पण एक चित्र धनदांडग्या कंपनीच्या बाजूने काढले गेले आणि दुसरे सत्तेच्या तोंडावर मारले गेले. आपण भांडतो ते मात्र चित्र काढावे की काढू नये, टोपी दिसली की नाही दिसली, यावर. विचारायला हवे होते वेगळेच. थट्टा वर चालली आहे की खाली? पैसे कुणाचे लागले आहेत? हसून झाल्यावर कुणाची भाकरी जाणार आहे?

या मापाने मोजले तर सप्टेंबर २००५ मध्ये डेन्मार्कच्या वर्तमानपत्रात आलेली ती बारा चित्रे मला धाडसाची वाटत नाहीत. नबी-ए-करीम (स.) यांच्याविषयी आपल्या मनात काय आहे हे मी सांगायला नको. ती चित्रे मलाही लागली. पण अकिदा क्षणभर बाजूला ठेवला तरी प्रश्न उरतोच. त्या देशात राणी, मंत्री, बँकवाले, सगळे असताना हसण्यासाठी निवडला कोण, तर बाहेरून मजुरीला आलेला मूठभर समाज. याला मी व्यंगचित्र म्हणणार नाही. गल्लीतल्या दांडग्या पोराने बारक्याची टोपी उडवावी, तसला तो प्रकार आहे. आपल्या मराठी दिवाळी अंकांतला मुसलमानही असाच असतो. चौकडीची लुंगी, डोळ्यांत सुरमा, हातात बकरीची दोरी, मागे पोरांची रांग. शि. द. फडणीसांसारखा निर्मळ हसवणारा माणूस मराठीत आहे, वसंत सरवटे होऊन गेले, म्हणून मी सगळ्यांना एका दोरीत बांधत नाही. परंतु ‘वाचा आणि थंड बसा’ म्हणत दाक्षिणात्यांच्या नावांच्या याद्या छापणारे ‘मार्मिक’ याच मराठी मातीत वाढले आणि ते एका व्यंगचित्रकाराचे साप्ताहिक होते, हे विसरता येत नाही. पेन्सिल गरिबाच्या बाजूचीच असते हा एक गोड गैरसमज आहे.

पण हेच माप आपल्याला लावायला आपण तयार आहोत का? जानेवारी २०१५ मध्ये पॅरिसमध्ये ‘शार्ली एब्दो’च्या कचेरीवरच्या हल्ल्यात बारा माणसे मारली गेली. चित्राला उत्तर गोळीने देणाऱ्यांनी कुणाची सेवा केली, हे मला आजवर कुणी सांगू शकलेले नाही. त्यानंतर काही दिवसांतच मुंबईच्या ‘अवधनामा’ या उर्दू दैनिकात त्या साप्ताहिकाचे मुखपृष्ठ बातमीबरोबर छापले गेले. संपादक शिरीन दळवी यांनी माफी मागितली, लगेच मागितली. तरी ठिकठिकाणी गुन्हे दाखल झाले, अटक झाली, ती मुंबई आवृत्तीच बंद पडली आणि एका उर्दू संपादिकेला आपल्याच शहरात चेहरा लपवून वावरावे लागले. चूक झाली होती, कबूल. पण माफी मागितलेल्या बाईला माफ करायला आपल्या जमातीत किती जण पुढे आले? मी नव्हतो. मी तेव्हा नोकरी शोधत होतो आणि गप्प होतो.

‘इंग्रजांकडे बघा, त्यांना सगळे चालते’ असेही मला म्हणायचे नाही. तिथेही चालत नव्हते. जानेवारी १७९६ मध्ये गिलरेने राजघराण्यातल्या नव्या बाळाच्या दर्शनाला आलेल्या पुढाऱ्यांचे चित्र काढले. येशूच्या जन्माच्या पवित्र कथेची त्यात नक्कल होती. धर्मनिंदेचा ठपका ठेवून त्याला धरले. पुढे खटला मिटला आणि १७९७ पासून त्याच गिलरेला पिटच्या सरकारकडून वर्षाला दोनशे पौंड मिळू लागले. मग त्याचा हात कुठे वळला असेल ते ओळखा. १८२० मध्ये जॉर्ज क्रुकशँक या चित्रकाराने राजाला कोणत्याही अनैतिक प्रसंगात रंगवणार नाही असे लिहून देऊन शंभर पौंड घेतले. म्हणजे तिथल्या शहाण्यांना कळले होते की मारण्यापेक्षा विकत घेणे स्वस्त पडते.

आता ‘आपल्यात नाही’ या वाक्याकडे येतो. काय नाही आपल्यात? टिपूने लाकडाचा वाघ करून घेतला होता. वाघ एका गोऱ्याच्या उरावर बसला आहे, किल्ली फिरवली की गोऱ्याचा हात हलतो आणि तो कण्हतो. हे व्यंगचित्र नाही तर काय आहे? १७९९ मध्ये टिपू शहीद झाल्यावर इंग्रजांनी तो वाघ उचलून नेला आणि लंडनला कंपनीच्या कचेरीत मांडला, जिच्या दाराशी कार्लो खानाचा हत्ती उभा होता त्याच लेडनहॉल स्ट्रीटच्या कचेरीत. आज तो व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. श्रीरंगपट्टणच्या दर्या दौलत बागेत भिंतीवर पोल्लिलूरच्या लढाईचे चित्र आहे. त्यात हरलेला कर्नल बेली पालखीत बसून बोट चावतो आहे. सहलीला गेलेल्या आपल्या शाळांना ती भिंत दाखवतात, बोट मात्र कुणी दाखवत नाही.

आणि ‘अवध पंच’? १८७७ मध्ये लखनौला मुन्शी सज्जाद हुसेन यांनी हे उर्दू साप्ताहिक काढले. लंडनच्या ‘पंच’वरून नाव घेतले, पण विनोद अस्सल लखनवी. ते १९१२ पर्यंत चालले. अकबर इलाहाबादी त्यात लिहीत. त्यांची चित्रे काढणारा होता गंगा सहाय, तखल्लुस ‘शौक’. मुसलमान संपादक, हिंदू चित्रकार आणि दोघे मिळून इंग्रज सरकारच्या करांवर, कायद्यांवर हसतात. आपल्या उर्दू शाळांत अकबर पाठ करून घेतात, वार्षिक परीक्षेत प्रश्न येतो, पण त्यांच्या शेजारच्या पानावर चित्रे असत हे मी स्वतः एम.ए.ला जाईपर्यंत ऐकले नव्हते. याच अवध पंचने सर सय्यद अहमद खानांची मनसोक्त थट्टा केली. माझ्या मते तिथे अवध पंच चुकला. इंग्रजी शिक्षणाच्या बाबतीत सर सय्यद बरोबर होते. पण म्हणून अलीगढ कोसळले का? ज्यांनी कॉलेज उभे केले त्यांना थट्टेने तडा गेला नाही. आपल्याकडे दोन खोल्यांवर पत्रे टाकून संस्था काढणाऱ्याला मात्र खडूच्या एका रेघेने तडा जातो.

शेजारी जालन्यात जन्मलेले यूसुफ नाझिम उर्दूतले मोठे विनोदी लेखक होते. हैदराबादहून ‘शगूफा’ नावाचे विनोदाला वाहिलेले मासिक १९६८ पासून निघू लागले. म्हणजे हसण्याची ऐपत आपल्यात नव्हती असे नाही. विनोद लेखणीत राहिला, चित्रातून गेला. आणि चित्र लेखणीपेक्षा जास्त माणसे वाचतात. निरक्षर आईसुद्धा वाचते. म्हणूनच त्याची जास्त भीती.

मघाशी सांगायचे ठेवलेले आता सांगतो. मी चिखली तालुक्यातल्या एका उर्दू शाळेत शिकवतो. काही वर्षांपूर्वी नववीच्या एका मुलाने मधल्या सुट्टीत फळ्यावर खडूने चित्र काढले. संस्थेचे सदर. अंगात शेरवानी, हातात खिचडीचा डाव, आणि पोट म्हणजे तांदळाचे पोते, वर सुतळीची शिवण आणि सरकारी शिक्का. चेहऱ्याच्या चार रेघा होत्या, पण आंधळ्यानेही ओळखले असते. वर्ग हसत होता. खरे सांगतो, मलाही हसू आले. मग हेडमास्तरांच्या बुटांचा आवाज आला आणि मी डस्टर उचलले. पुसता पुसता मी मुलाला काय म्हटले? ‘संस्थाचालकांची बेअदबी करू नको’ असे म्हटले असते तर तो नोकरीला घाबरलेल्या माणसाचा प्रामाणिकपणा झाला असता. मी म्हटले, “तस्वीर बनाना गुनाह है, मालूम नहीं?”

मुलगा गरीब स्वभावाचा. उलट बोलणारा नव्हता. खाली मान घालून एवढेच म्हणाला, “सर, फिर वो फिलेक्स?”

शाळेच्या फाटकावर त्या आठवड्यात सदर साहेबांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला होता. बारा फूट उंच. त्यात ते प्रत्यक्षापेक्षा गोरे, दहा वर्षांनी तरुण, आणि पोट अजिबात नाही. खाली आम्हा सगळ्या शिक्षकांचे छोटे छोटे गोल फोटो, हात जोडलेले. वर्गणी आमच्या पगारातून. त्या तस्वीरीबद्दल गुनाहचा शब्द कुणी काढला नव्हता. मौलाना साहेबांनी तिच्याचखाली उभे राहून दुआ केली होती.

चित्राबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत, ते मी जाणतो. मी आलिम नाही, त्यात पडत नाही. जो माणूस सर्वच तस्वीरींपासून दूर राहतो त्याच्या तकव्याला माझा सलाम आहे. असा एक बुजुर्ग आमच्या मस्जिदीत आहे, त्याने फोटो काढावा लागेल म्हणून कितीतरी कागदपत्रे काढली नाहीत. पण आपण बाकीचे? निकाहाच्या व्हिडिओला आपल्याला हरकत नाही, खामगाव रस्त्यावर ओळीने लागलेल्या शुभेच्छुकांच्या फ्लेक्सला नाही, निवडणुकीच्या पोस्टरला नाही. हरकत येते ती फक्त पोट खरे निघाले की. तेव्हा मग दीन आठवतो. अल्लाहच्या नावाचा आडोसा घेऊन मी एका पोते चोरणाऱ्याला वाचवले. यापेक्षा मोठी बेअदबी कोणती, ते मला कुणीतरी सांगावे.

बाहेरचा कार्लो खान आपण थांबवू शकत नाही. कंपनीवाले आजही आहेत, त्यांचे सेयर्सही आहेत आणि त्यांना जागाही मिळतात. पण आपल्या मोहल्ल्याचे चित्र काढणारा हात आपणच डस्टरने पुसतो आणि मग तक्रार करतो की आपले चित्र नेहमी दुसराच काढतो, लुंगी आणि बकरीसकट. वक्फच्या जमिनी कुणी खाल्ल्या, स्कॉलरशिपचे अर्ज भरून देताना कुणी पैसे घेतले, ईदगाहच्या भिंतीची वर्गणी कुठे गेली, यावर भाषणे होतात, तक्रारी होतात, कमिटीत हाणामारी होते. चित्र मात्र होत नाही. मुल्ला नसरुद्दीन तैमूरलंगाची तोंडावर खिल्ली उडवतो, ते किस्से आपण पोरांना हौसेने सांगतो. आपल्या गावातल्या तैमूरबद्दल चकार शब्द नाही.

चित्रकलेच्या तासाला आमच्याकडे भूमिती चालते. शासकीय रेखाकला परीक्षेला दहावीत जादा गुण मिळतात म्हणून आता काही पालक पोरांना बसवतात. तेवढ्यापुरते घडा, फळे, फुलदाणी. माणूस काढायचा झाला तर पाठमोरा.

तो मुलगा दहावी झाला, पुढे शिकला नाही. आता बस स्टँडजवळ एका फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसतो. मागच्या रमजानमध्ये इफ्तारचा बोर्ड करायला गेलो तेव्हा भेटला. अदबीने उठून सलाम केला, चहा मागवला. पडद्यावर एका पुढाऱ्याचा फोटो होता आणि तो माऊसने त्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे पुसत होता. हात अजून तसाच आहे, एका फटक्यात रेघ. मी विचारले, अजून काढतोस का? म्हणाला, “किसके वास्ते, सर? पेट कम करने के पैसे अलग मिलते.”

या जूनमध्ये मी शाळेत भित्तिपत्रिकेसाठी अर्ज दिला आहे. त्यात एक चौकट चित्रासाठी मागितली आहे, पाच बाय सात इंचांची. कशाचे चित्र ते लिहिलेले नाही. अर्जावर अजून सही झालेली नाही.